विश्लेषण : व्हिएतनामच्या घाटात कोणती बाइक घ्यायची? आधी लायसन्सचं बघा!

इन्स्टाग्रामवर ‘हा जांग लूप’ची रील्स तुम्हीही पाहिली असतील. चुनखडीचे उंच डोंगर, खाली हिरव्या रंगाची न्यो क्वे नदी आणि कड्याला चिकटून जाणारा रस्ता. २०२४ मध्ये सुमारे ५ लाख भारतीय व्हिएतनामला गेले. त्यातल्या अनेक तरुणांच्या यादीत हा रस्ता असतो. जाण्यापूर्वी नेहमीचा प्रश्न एकच, ‘११० सीसी पुरेल की १५० घेऊ?’ पण त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं.

हा रस्ता नेमका कुठे आहे?

व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, चीनच्या सीमेलगत. हनोईपासून हा जांग शहर सुमारे ३०० किलोमीटर. तिथून डोंग वान, मेओ वाक करत परत यायचं. साधारण ३५० किलोमीटरची ही फेरी लोक तीन-चार दिवसांत करतात. यातला मुख्य रस्ता १९५९ ते १९६५ या काळात मजुरांनी बहुतांशी हातांनी खोदून काढला. मा पी लेंग हा त्यातला सर्वांत अवघड घाट. डोंग वानच्या पठाराला २०१० मध्ये युनेस्कोच्या भूउद्यानांच्या जाळ्यात स्थान मिळालं. जुलै २०२५ पासून हा जांग प्रांत तुयेन क्वांग प्रांतात विलीन झाला आहे, त्यामुळे नकाशावर किंवा हॉटेलच्या पत्त्यात ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

आरटीओचं ‘इंटरनॅशनल लायसन्स’ चालत नाही का?

नाही. अडचण इथेच आहे. भारतात आरटीओ जो आंतरराष्ट्रीय वाहन परवाना देतं, तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. व्हिएतनाम २०१४ मध्ये १९६८ च्या व्हिएन्ना करारात सहभागी झाला आणि त्याच करारानुसार दिलेले परवाने तिथे मान्य होतात. भारत त्या करारात नाही. म्हणजे हजार रुपये भरून काढलेला परवाना खरा असला, तरी व्हिएतनामच्या रस्त्यावर त्याला कायदेशीर किंमत नाही.

पण दुकानदार तर बिनधास्त बाइक देतात...

देतात. कारण पकडले जाता तुम्ही, दुकानदार नाही. १ जानेवारी २०२५ पासून तिथे नवा वाहतूक कायदा आणि वाढीव दंड लागू झाले. वैध लायसन्स नसताना १२५ सीसीपर्यंतची बाइक चालवल्यास २० ते ४० लाख डाँग दंड आहे. आपल्या पैशांत साधारण ७ ते १३ हजार रुपये. १२५ सीसीच्या वर गेलात तर ६० ते ८० लाख डाँग, म्हणजे २० हजारांच्या पुढे. म्हणजे ‘घाट आहे, मोठी गाडी घेऊ’ हा हिशोब इथे महागात पडतो.

दंड भरून सुटता तरी येतं. खरा धोका विम्याचा आहे. प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये ‘त्या देशात वैध लायसन्स हवं’ अशी अट असते. डोंगरात पडून पाय मोडला, हनोईला न्यावं लागलं, शस्त्रक्रिया झाली आणि कंपनीने दावा नाकारला, तर सगळा खर्च घरच्यांच्या माथी.

मग लायसन्स न लागणारी बाइक?

५० सीसीपर्यंतच्या गाडीला तिथे लायसन्स लागत नाही. पण सामानासह लांब चढ चढताना ती दमते.

गाड्यांमध्ये फरक काय?

तिथे तीन प्रकार मिळतात. एक, आपल्या अॅक्टिव्हासारखी ऑटोमॅटिक स्कूटर. चालवायला सोपी, पण लांब उतारावर इंजिनाची पकड फारशी मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी कमी लागतात. दुसरी, होंडा वेव्ह किंवा ब्लेडसारखी ११० सीसीची सेमी-ऑटोमॅटिक. हिला क्लच नाही, गिअर पायाने टाकायचे. उतारावर खालचा गिअर टाकला की इंजिनच वेग धरून ठेवतं. एकट्या माणसाला ही पुरते. तिसरी, होंडा एक्सआर १५० सारखी क्लचवाली उंच बाइक. खराब रस्त्याला उत्तम, पण उंची कमी असलेल्यांचे पाय टेकत नाहीत आणि लायसन्सही वरच्या वर्गाचं लागतं.

वरंधा, आंबेनळी घाटात गाडी चालवलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. व्हिएतनाममध्ये वाहतूक उजव्या बाजूने चालते. आंधळ्या वळणावर अचानक ट्रक आला की आपला हात सवयीने गाडी डावीकडे घेतो. तिथे डावीकडे म्हणजे थेट ट्रकसमोर. शिवाय दारूबाबत तिथे सूट शून्य आहे. मुक्कामाच्या घरी आग्रहाने मिळणारी मक्याची दारू रात्री प्यायली, तरी सकाळच्या तपासणीत सापडू शकता.

मग जायचंच नाही का?

जायचं, पण मागच्या सीटवर. ‘ईझी रायडर’ म्हणजे स्थानिक चालक त्याच्या बाइकवर तुम्हाला फिरवतो. दोघं असाल तर दोन चालक, दोन बाइक. लायसन्सचा प्रश्न मिटतो, वाटेतली गावं कळतात आणि दरीकडे नीट बघताही येतं. विमा मात्र मागे बसणाऱ्यालाही लागू होतो ना, हे आधी लेखी विचारून घ्या.

हँडल स्वतःच्याच हातात हवं असेल तर थायलंडचा विचार करा. थायलंड १९४९ च्या करारात आहे, त्यामुळे भारतीय परवाना तिथे चालतो. वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून. चियांग माईहून निघणारी मे हाँग सोनची सुमारे ६०० किलोमीटरची फेरी वळणांसाठीच प्रसिद्ध आहे. तिची १,८६४ वळणं अभिमानाने सांगितली जातात. फक्त आरटीओत अर्ज करताना परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग नोंदला गेलाय का, ते तपासा. नुसत्या कारच्या लायसन्सवर तिथेही बाइक चालवता येत नाही.