नाव सामाईक, अर्थ घरचा

गेल्या महिन्यात आमच्या सोनाळ्यात भाच्याच्या मुलाचं बारसं झालं. बाळाला सख्खी आत्या नाही, म्हणून त्याच्या कानात नाव सांगायचा मान मला, बापाच्या आत्याला मिळाला. पाठीवर बायकांचे बुक्के पडत होते आणि मी चिठ्ठीतलं नाव सांगितलं : रियांश. बाळाच्या पणजीनं दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाली, ‘‘मले नाही म्हणता येत वं हे.’’ भाच्याला अर्थ विचारला. मोबाइलवर ‘सूर्याचा किरण’ लिहिलंय, म्हणाला. कोणत्या शब्दातून तो अर्थ निघतो, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही.

मी पंचवीस वर्षं अंगणवाडीत मुलांची नावं वहीत लिहिली. सुरुवातीच्या वह्यांत गजानन हमखास भेटायचा. शेगाव आमच्या जिल्ह्यातलंच. 23 फेब्रुवारी 1878 रोजी गजानन महाराज तिथं प्रकट झाले आणि 1910 मध्ये त्यांनी समाधी घेतली. तेव्हापासून ते नाव वऱ्हाडात घरोघरी गेलं. मात्र प्रत्येक नावामागे ज्याचा त्याचा प्रसंग असायचा. एका गजाननाच्या आईनं पायी वारी केली होती, दुसऱ्याचा जन्म प्रकटदिनाचा होता. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून कुणी दगडू असायचा, कुणी धोंडू. दृष्ट लागू नये, काळानं या पोराकडे वळून पाहू नये, ही त्या आईची विनवणी असे.

आजच्या आईबापांना ‘वेगळं’ नाव हवं असतं. पण सगळेच वेगळं शोधायला त्याच यादीत जातात, आणि माझ्या शेवटच्या वह्यांत रेयांश, रुद्रांश, दिव्यांश ओळीनं बसलेत.

याबाबत मला कोरियाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथं मिनजुन हे मुलाचं नाव 2004 नंतर कित्येक वर्षं सर्वांत लोकप्रिय होतं. उच्चार एकच, पण अनेक घरं ते नाव चिनी अक्षरांतही नोंदवतात आणि अक्षरं स्वतः निवडतात. एका घरचा ‘मिन’ म्हणजे चपळ बुद्धी, दुसऱ्या घरचा ‘मिन’ म्हणजे आकाश. ‘जुन’ कुणी गुणवान या अर्थाचं अक्षर घेऊन लिहितं. पूर्वी तर सख्ख्या-चुलत भावांच्या नावांत एक अक्षर सामाईक ठेवायची रीत होती. नाव ऐकलं की पिढी कळायची. आणि लेकरू जगावं म्हणून त्याला मुद्दाम हलकं नाव ठेवायची चाल तिकडेही होती. इतक्या दूरच्या आईची भीती आमच्या दगडूच्या आईसारखीच होती, हे कळलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. गावात एकाच नावाची चार पोरं असली तर काहीही बिघडत नाही. बिघडतं ते नावामागे घरातलं कुणीच नसलं की. नवं नाव ठेवायलाही माझी ना नाही. पण ते का ठेवलं, हे पोराला सांगता आलं पाहिजे.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आपल्या राज्यात आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. कागदावर आई आली, हे फार चांगलं झालं. आता नाव ठरवतानाही ती आली पाहिजे. भाचसुनेला मी विचारलं, तेव्हा कळलं की तिला प्रकाश हे तिच्या वडिलांचं नाव ठेवायचं होतं. बाळ जन्मायच्या दोन महिने आधी ते गेले. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

जन्माच्या दाखल्यावर अजून बाळाचं नाव चढलेलं नाही. मी भाच्याला म्हटलं, आज संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेव, आजीला आणि बायकोला घेऊन बस. प्रकाश नाव गावात आणखी कुणाचं असेल, असू दे. पणजीला ते म्हणता येतं.