छपरावरचा कर

मे महिना संपत आला की आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत बायकांची गर्दी दिसू लागते. वीटभट्ट्यांवरून कुटुंबं परतलेली असतात, हातात हंगामाचे चार पैसे असतात आणि डोक्यावर पाऊस येऊन ठेपलेला असतो. खतं-बियाणं पुरुष बघतात. पण छपराची चौकशी करायला बहुतेक वेळा बाईच येते, कारण गळक्या छपराखाली रात्रभर भांडी मांडत बसणारी तीच असते.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. शहापूरच्या बाजारात मी खिळे, बिजागऱ्या असं काहीबाही घ्यायला गेले होते. डोळखांबकडच्या एक ओळखीच्या वहिनी तिथे उभ्या होत्या. बचत गटातून कर्ज मंजूर झालेलं, दहा पत्रे घ्यायचे ठरलेले. दुकानदाराने हिशोब केला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अवं शेठ, दिवाळीला इचारलं तवा एवढं नव्हतं."

"वहिनी, मी काय करू? कंपनीनंच वाढवलंय. तो तिकडे ट्रम्प आलाय ना, त्यानं लोखंडावर कर लावलाय."

वहिनींनी ट्रम्पला मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते असो. पण शेठचं म्हणणं अर्धंच खरं होतं. अमेरिकेने पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आयातीवर मार्च २०२५ मध्ये २५ टक्के आणि जूनपासून ५० टक्के कर लावला हे खरंच. पण तो भरायचा अमेरिकेत माल उतरवणाऱ्याने. डोळखांबच्या छपराशी त्याचा थेट संबंध नाही. आपल्या पत्र्याला चिकटलेला कर दिल्लीचा आहे, आणि तो त्याआधी महिनाभरच लागला होता.

२१ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या सपाट पोलादावर, म्हणजे पत्रा, प्लेट आणि कॉइलवर, १२ टक्के संरक्षक शुल्क लावलं. नेहमीचं साडेसात टक्क्यांचं सीमाशुल्क असतंच, त्यावर हे वेगळं. आधी ते दोनशे दिवसांपुरतं होतं. मग डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते तीन वर्षांचं केलं गेलं: पहिल्या वर्षी १२ टक्के, दुसऱ्या वर्षी साडेअकरा आणि तिसऱ्या वर्षी ११. आपल्या डोक्यावर असतो तो जस्ती पत्रा आणि रंगीत पत्रा, दोन्ही यात येतात. स्टेनलेस स्टील येत नाही, तेव्हा डबे-पातेल्यांची काळजी या कराने तरी करायला नको.

कर लावण्यामागचं कारण खोटं नाही, हे आधीच सांगते. चीनमध्ये घरबांधणी थंडावली, पण भट्ट्या चालूच राहिल्या. २०२४ मध्ये त्यांनी अकरा कोटी टनांच्या आसपास पोलाद जगात पाठवलं. अमेरिकेने दार लावलं की तो माल दुसरं दार शोधणारच. २०२४-२५ मध्ये आपल्याकडे सुमारे ९५ लाख टन तयार पोलाद आयात झालं, निर्यातीपेक्षा किती तरी जास्त. स्वस्त मालाच्या पुरात आपले कारखाने बसले तर बसले म्हणून सोडून द्यायचं का?

आणि हे कारखाने काही दूर कुठे नाहीत. कसारा लोकलने येताना वाशिंदला जो मोठा कारखाना दिसतो तो पत्र्याचाच. जिंदल समूहाने १९८२ मध्ये इथे वाशिंदला हा कारखाना उभारला. तिथे पोलाद वितळवत नाहीत. तयार कॉइल येतात, त्या पोळीसारख्या पातळ लाटतात, त्यांवर जस्ताचा आणि रंगाचा मुलामा चढवतात. त्या कारखान्याच्या पगारावर शहापूर तालुक्यातली कितीतरी घरं उभी राहिली. त्यांतल्या मुली शिकल्या. माझ्या ओळखीतल्याच दोघी-तिघींची नावं मी घेऊ शकेन. म्हणून कर लावणाऱ्याला मी सरसकट दोष देणार नाही.

पण मग तो पैसा कुणाच्या कनवटीचा जातो, हे बघायला नको का?

आपल्याला वाटतं, कर परदेशी मालाला आहे, मी तर इथलाच पत्रा घेते, मला काय त्याचं? गंमत इथेच आहे. हा कर सगळ्या मालाला सरसकट नाही. रंगीत पत्रा बंदरात उतरताना टनाला ९६४ डॉलर किंवा त्याहून महाग असेल तर कर नाही, त्याखाली असेल तर आहे. म्हणजे स्वस्त माल येऊच नये अशी ही सोय. एकदा का बाहेरचा स्वस्त माल अडला की इथल्या मालालाही भाव चढवायला मोकळीक मिळते. शेजारणीने दुधाचा भाव वाढवला की आपली गवळण फार दिवस जुन्या भावात देत नाही, तसंच हे. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये पोलाद चढलं ते असं. पावसाळ्यानंतर भाव उतरलेही, मागणी नव्हती म्हणून. पण छप्पर काही ऑक्टोबरात घालत नाहीत. गरिबाची खरेदी नेमकी चढ्या भावात होते, कारण तिला पावसाची तारीख असते.

अमेरिकेत २०१८ मध्ये आयात कपडे धुण्याच्या यंत्रांवर असाच कर लागला होता. अर्थतज्ज्ञांनी नंतर तपासलं तर यंत्रं सुमारे १२ टक्क्यांनी महागली होती. आणि कपडे वाळवायचं यंत्र, ज्यावर कर नव्हताच, तेही जवळपास तेवढंच महागलं होतं, कारण दोन्ही जोडीनेच विकली जातात! बाजार कसा चालतो हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. घर चालवलेलं असलं की पुरतं.

नोकऱ्यांचा हिशोबही सरळ नाही. पोलाद बनवणारे हात थोडे, पोलाद वापरणारे हात पुष्कळ. मुरबाडच्या एमआयडीसीत आणि आसनगावच्या पट्ट्यात पत्रा, पाइप, पट्ट्या घेऊन त्यांचं काहीतरी करणारे कारखाने आणि छोटी वर्कशॉपं आहेत. मुरबाडच्या टेक्नोक्राफ्टसारखी कंपनी बांधकामाच्या परातीचे पाइप, पिंपांची झाकणं परदेशी पाठवते. अशा कामाला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो: इकडे कच्चा माल महाग, तिकडे अमेरिकेच्या दारात कर. मोठी कंपनी तग धरते. पण रस्त्याकडेला ग्रिल आणि कपाटं करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गंगाजळी कुठली? अमेरिकेत २०१८ मध्ये पोलादासह इतर मालावर लागलेल्या करांचा अभ्यास त्यांच्याच फेडरल रिझर्व्हच्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये केला. संरक्षणाने जेवढं कमावलं त्यापेक्षा महागड्या कच्च्या मालाने आणि इतर देशांच्या उलट करांनी जास्त रोजगार गमावला, असं त्यात निघालं.

तर परत दुकानात. वहिनींनी बराच वेळ विचार केला आणि कोपऱ्यात रचलेल्या करड्या पत्र्यांकडे बोट दाखवलं. "आन् ह्यो सिमेंटचा?"

तो स्वस्त होता.

इथे माझ्या पोटात गोळा आला. हा सिमेंटचा पत्रा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. आपण त्याला सिमेंट म्हणतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. त्यात ज्या दगडाचे बारीक धागे असतात ते फुप्फुसात गेले की तिथेच रुततात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी कर्करोग म्हणून वर येतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत. साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली. अमेरिकेनेही २०२४ मध्ये उरलासुरला प्रकार बंद केला. आपण काय करतो? खाणीतून काढत नाही, पण रशियासारख्या देशांतून जहाजं भरभरून आणतो आणि छपरं घालतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याबद्दल आदेश दिले. ते कारखान्यातल्या कामगारांसाठी. छपरावर चढून करवत चालवणाऱ्या नवऱ्यासाठी आणि त्याचे कपडे धुणाऱ्या बायकोसाठी कोण आदेश देणार?

कपडे धुणाऱ्या बायकोचं मी उगाच म्हणत नाही. लंडनच्या डॉक्टरांनी १९६५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अशा बायका सापडल्या ज्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. घरातला माणूस तिथे कामाला, आणि त्याचे धुळीने माखलेले कपडे त्या झटकून धूत. त्यांना तोच कर्करोग झाला होता.

म्हणजे बघा, लोखंडी पत्र्यावर कर लावताना दिल्लीत कुणाच्या मनात अ‍ॅस्बेस्टॉस नव्हतं. पण पत्रा चढला की बाई वळते ती त्याच्याकडे, नाहीतर निळ्या ताडपत्रीकडे, जी दोन पावसाळ्यांत फाटून शेतात, ओढ्यात चिंध्या होऊन पसरते. पोलाद-कराचे पर्यावरणावरचे परिणाम म्हटलं की सगळे धूर मोजतात. माझ्या मते आमच्या भागातला पहिला परिणाम या छपरावर आहे.

पत्र्याविषयी नाकं मुरडणारी शहरी मंडळी मला ठाऊक आहेत. "कौलं किती छान दिसायची!" दिसायची खरी. पण दरवर्षी शाकारणी कोण करायचं, माकडांनी फोडलेली कौलं कोण बदलायचं? कौलाचं वजन पेलायला वासे, रिपा, आढं हवं, म्हणजे जंगलातलं लाकूड हवं. गवताच्या छपराला दरसाल नवं गवत हवं, ते डोक्यावरून आणणार कोण? पत्र्याने आमच्या भागात लाकूड वाचवलं आणि बायकांचे कष्टही. आणखी एक. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं आमच्या शहापुरात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात टँकर आमच्या पाड्यांना. पत्र्याच्या पागोळ्यांचं पाणी पिंपात धरता येतं, गवताच्या छपराचं धरता येत नाही. उन्हात पत्रा भाजून काढतो, हेही खरं. खाली बांबूचा तट्ट्या बांधला तर थोडं सोसवतं.

धुराचंही सांगायला हवं. आपलं पोलाद मुख्यतः कोळशावर होतं. एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, जगाची सरासरी दोनच्या आत आहे. चीनचा माल अडवून आपला वाढवला तर हवेचा फायदा होतोच असं नाही, आणि कोरिया-जपानचा अडवला तर तोटाही होऊ शकतो. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये 'हरित पोलादा'ची व्याख्या केली, टनामागे २.२ टनांपेक्षा कमी धूर. मग संरक्षण देताना ती अट का घातली नाही? तीन वर्षं भिंत बांधून देतो, त्या तीन वर्षांत धूर एवढा खाली आणा, भंगारापासून एवढं पोलाद करा, असं म्हणता आलं असतं. युरोपने तर २०२६ पासून असा कार्बनचा कर दारात उभा केलाच आहे. तो भरायला लागेल तेव्हा कंपन्या ओरडतील आणि आपण पुन्हा त्यांच्या बाजूने भांडू.

आणि घरकुलाचं अनुदान! प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या घराला २०१६ मध्ये १ लाख २० हजार रुपये ठरले. २०२४ मध्ये योजना पुढे पाच वर्षं वाढवली, रक्कम तीच ठेवली. राज्याने २०२५ मध्ये त्यात थोडी भर घातली आणि कातकऱ्यांसाठी जनमन योजनेत २ लाख आहेत, ते बरंच. पण पोलादाचा भाव सरकारच्याच निर्णयाने हलत असेल तर अनुदानाने तरी जागेवर का थांबावं? संरक्षक शुल्काचा जो पैसा तिजोरीत येतो, त्यातला काही भाग छपराच्या पत्र्यावर सवलत म्हणून परत देता येणार नाही का? निदान सरकारी पैशातून बांधलेल्या घरकुलावर, अंगणवाडीवर सिमेंटचा पत्रा चालणार नाही, एवढं तरी लिहून टाका. त्याला काहीच खर्च नाही.

त्या दिवशी वहिनींना मी हे सगळं सांगितलं नाही. उन्हात, गाडी भरायच्या घाईत कोण ऐकणार? अ‍ॅस्बेस्टॉसचं मात्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुमी फरक भरता का, ताई?"

मला उत्तर देता आलं नाही. शेवटी शेठनेच तोड काढली. स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोलीवर सहा लोखंडी पत्रे, पडवी आणि गुरांच्या बाजूला चार सिमेंटचे. मी एवढंच बजावलं की ते चार कापायचे असले तर पाणी मारून, हातकरवतीने, घराबाहेर कापा. यंत्र लावू नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका, आणि कापणाऱ्याचे कपडे झटकायचे नाहीत, तसेच पाण्यात बुडवायचे.

"कापायचंच नाय मग," वहिनी म्हणाल्या. "पडवीच तेवढी लांब करू." आणि टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस करायला लागल्या.