विश्लेषण : 'एआय'ने सुचवलेला रेणू, पण औषधाचे काय?

जानेवारी २०२० मध्ये ब्रिटनची एक्ससायंशिया आणि जपानची सुमितोमो दाइनिप्पॉन या कंपन्यांनी एक घोषणा केली. मंत्रचळावरील 'डीएसपी-११८१' हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने घडवलेला रेणू मानवी चाचणीसाठी तयार होता. एरवी साडेचार वर्षे लागणारे संशोधन १२ महिन्यांत झाले होते. पण पहिल्या टप्प्यातील चाचणी अपेक्षेला उतरली नाही आणि हे औषध पुढे गेलेच नाही.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

आजाराशी संबंधित प्रथिनावर थोडाफार परिणाम करणारा रेणू सापडला, की त्याला 'लीड' म्हणतात. तो सहसा कमजोर असतो किंवा शरीरात टिकत नाही. मग रसायनशास्त्रज्ञ त्यात छोटे बदल करून त्याची 'भावंडे', म्हणजे अ‍ॅनालॉग, बनवतात. सॉफ्टवेअर जुन्या प्रयोगांच्या नोंदींवरून कोणती भावंडे आधी बनवावीत, हे सुचवते.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. १९७२ मध्ये जॉन टॉपलिस यांनी कागदावरच असा तक्ता मांडला होता. रेणूतील बेन्झिन कड्यावर ठरावीक जागी क्लोरीन जोडा. प्रभाव वाढला तर दुसरा क्लोरीन, घटला तर मेथॉक्सी गट जोडून पाहा. आजचे सॉफ्टवेअर हेच काम लाखो रेणूंवर करते.

मग अडते कुठे?

रेणू प्रथिनाला चिकटला म्हणून रुग्ण बरा होतोच असे नाही. मुळात ते प्रथिनच आजाराचे खरे कारण नसेल, तर उत्तम भावंडही निरुपयोगी. शिवाय फसलेले प्रयोग फारसे प्रसिद्ध होत नाहीत. त्यामुळे सॉफ्टवेअरचे शिक्षण एकांगी राहते.

आशेला जागा आहे का?

आहे. इनसिलिको मेडिसिनच्या 'रेंटोसर्टिब' या फुप्फुसाच्या आजारावरील औषधाची चीनमध्ये ७१ रुग्णांवर चाचणी झाली. २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'ने निष्कर्ष छापले. १२ आठवड्यांत सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांची श्वसनक्षमता सरासरी ९८.४ मिलिलिटरने वाढली, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांची २०.३ मिलिलिटरने घटली. मात्र चाचणी छोटी होती आणि तिचा मुख्य हेतू सुरक्षितता तपासणे हा होता.

मानवी चाचण्यांत उतरलेल्या दहापैकी साधारण नऊ औषधे बाजारात पोहोचत नाहीत. म्हणून 'एआयने औषध शोधले' अशी पोस्ट दिसली, तर चाचणी कितव्या टप्प्यात आहे, हे आधी पाहावे.