साखर नको, शिटीही नको

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पाच्या बाजारात हिमाचलचं सफरचंद पावसाळा सरता सरता येतं, आणि नवरात्रापर्यंत काश्मीरच्या पेट्याही हातगाड्यांवर चढतात. भाव उतरला की घराघरांत दोन-दोन, तीन-तीन किलो फळ येऊन पडतं. शीतगृहातून बाहेर पडलेलं सफरचंद कोरड्या, उबदार हवेत फार दिवस तग धरत नाही. आठवड्याभरात त्याचा करकरीतपणा जातो आणि ते पिठाळ लागायला लागतं. मग मुलं त्याला हात लावत नाहीत, आजी-आजोबांना साल चावत नाही, आणि टोपलीतलं फळ सुरकुतत जातं.

नेमक्या त्याच दिवसांत मिशिगन, न्यू यॉर्क किंवा ओंटारिओतली मराठी कुटुंबं बागांमध्ये जाऊन सफरचंदं तोडत असतात. तिथे फळ पेकच्या मापाने मिळतं. एक पेक म्हणजे दहा-बारा पौंड, साधारण पाच किलो. चार माणसांच्या घरात पाच किलो सफरचंद नुसतं चावून संपत नाही. पहिल्या दोन दिवसांचा उत्साह ओसरला की पिशवी गॅरेजमध्ये जाते, आणि पुढच्या महिन्यात कचऱ्याच्या डब्यात.

दोन्हीकडच्या या फळाला एकच उत्तर आहे: ते मंद आचेवर, झाकण ठेवून, साखर न घालता शिजवावं. अमेरिकेत त्याला ॲपल सॉस म्हणतात आणि तो करायला स्लो कुकरइतकं सोयीचं दुसरं भांडं नाही. तरीही मराठी घरांत हा पदार्थ एक तर बाळाच्या वाटीपुरता उरलेला आहे, नाही तर दुकानातल्या बरणीपुरता. हे बदलायला हवं.

आपला पदार्थ नाही, हा पहिला आक्षेप. इंग्रजांकडे भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर ॲपल सॉस खायची रीत जुनी आहे, त्यामुळे शाकाहारी घरांना तो साहेबाच्या टेबलावरचा वाटतो. देवळालीसारख्या छावणीच्या गावात तर अशा समजुतीला जागाही भरपूर. एकोणिसाव्या शतकात ही छावणी मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या मुक्कामाची होती. १९४१ साली तोफखान्याचं विद्यालय आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून इथे आलं आणि फाळणीनंतरही इथेच राहिलं. पण त्याच देवळालीची दुसरी ओळख हवापालटाची आहे. सुमारे अठराशे फुटांची उंची, कोरडी हवा, मुंबईहून थेट रेल्वे. म्हणून पारशी, गुजराती आणि इतर समाजांनी इथे सॅनिटोरियम बांधली. आजारातून उठलेलं माणूस घरच्यांसह येऊन तिथल्या खोलीत राहायचं आणि आपला स्वयंपाक आपणच करायचं. अशा माणसाला काय देतात, हे कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही: पेज, मऊ भात, मुगाचं कढण आणि शिजवून घोटलेलं सफरचंद. पोट बिघडलं की सफरचंद शिजवून द्यावं, हे तर अजूनही प्रत्येक आजी सांगते. म्हणजे पदार्थ घरात आहेच, त्याला मोठ्यांच्या ताटात जागा मिळालेली नाही, एवढंच.

मंद आचही काही नवी नव्हे. चुलीच्या जोडीला असलेल्या वैलावर वरण किंवा दूध ठेवायचं ते याचसाठी. पुढे जाळ लागायचा भाकरीला, आणि त्याच्या उरलेल्या धगीवर मागचं भांडं आपलं आपण शिजत राहायचं. शहरात चूल गेली तेव्हा अनेक घरांत भुशाची शेगडी आली. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली हलक्या हाताने फिरवत वर काढायची आणि खालच्या भोकातून जाळ लावायचा. एकदा पेटली की ती तासन्‌तास धुमसत राहायची. कलकत्त्याच्या डॉक्टर इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली काढलेला इकमिक कुकरही याच जातीचा: खाली थोडे निखारे, वर एकावर एक डबे, आणि काही तासांनी सगळा स्वयंपाक तयार.

अमेरिकन स्लो कुकरची गोष्टही अशाच स्वयंपाकघरातून निघते. अर्व्हिंग नॅक्सन या ज्यू संशोधकाची आजी लिथुआनियातल्या विल्नाची. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी बेकरीच्या विझत चाललेल्या भट्टीत घराघरांतून भांडी जायची आणि त्यातलं चोलंट हे कडधान्य-मांसाचं कालवण रात्रभर शिजत राहायचं. ती हकीकत ऐकून नॅक्सनने विजेवरचं भांडं बनवलं आणि १९४० साली त्याला पेटंट मिळालं. त्याचा धंदा रायव्हल कंपनीने विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. वैल, भुशाची शेगडी आणि विल्नाची भट्टी ही एकाच घराण्यातली माणसं आहेत, आणि स्लो कुकर त्यांचा धाकटा भाऊ.

खरी अडचण वेगळीच आहे. मराठी हात सवयीने प्रेशर कुकरकडे जातो. डाळ-भाताला तो अतुलनीय आहे, यात वाद नाही. सफरचंदाला मात्र तो चालत नाही, आणि हे कुणाच्या चवीचं मत नव्हे. गॅसवरच्या प्रेशर कुकरबरोबर अमेरिकेत जी माहितीपुस्तिका येते, तिच्यात ॲपल सॉस, क्रॅनबेरी, ऱ्हुबार्ब हे पदार्थ त्यात शिजवू नका असं बजावलेलं असतं. फळ उकळताना फेसाळतं, फेस आणि गर वर चढून वाफेच्या नळीत अडकू शकतो, आणि नळी तुंबली की कुकर धोक्याचा होतो. उघड्या पातेल्यात मोठ्या आचेवर शिजवलं तर गर बुडाला लागतो आणि वर उडून हातावर चटके देतो. स्लो कुकरमध्ये यातलं काहीच होत नाही. चिनीमातीच्या जाड भांड्याला सगळ्या बाजूंनी सारखी ऊब मिळते, गर ना बुडाला धरत ना उडत. भांडं लावून मुलांना मराठी शाळेत सोडून यावं आणि परत येईपर्यंत घरभर वास भरलेला असावा, इतकं ते निर्धोक आहे. सहा क्वार्टचा कुकर मंद आचेवर दोनशे वॉटच्या आसपास वीज घेतो. सहा तासांना फार तर सव्वा युनिट.

करायची रीत छोटी आहे, पण तिच्यात दोन-तीन ठिकाणी लक्ष लागतं. अडीच किलो सफरचंदं कोमट पाण्यात चोळून धुवावीत, कारण दुकानातल्या फळावर बहुधा मेण असतं. बागेतल्या ताज्या फळाची साल काढू नये. सालीत पेक्टिन असतं, त्याने गर मिळून येतो, आणि लाल सालीमुळे त्याला सुरेख गुलाबी झाक येते. मधला बियांचा भाग काढून मोठ्या फोडी कराव्यात. एकाच जातीचं फळ घेऊ नये, हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. मॅकिंटॉश लवकर विरघळतो, फुजी आणि गाला गोडी देतात, ग्रॅनी स्मिथ आंबटपणा देतो. देवळालीत रॉयल डेलिशसच्या गोड फोडींना एखाद-दुसऱ्या हिरव्या आंबट सफरचंदाची जोड द्यावी, तेही नसेल तर लिंबू पिळावं. पाणी अर्धी वाटी पुरतं. झाकण घट्ट असल्याने वाफ बाहेर जात नाही आणि फळ स्वतःचंच पाणी सोडतं. इथे सवयीने दोन वाट्या पाणी ओतलं की सॉस नव्हे, सार होतं. मंद आचेवर सहा तास, मोठ्यावर तीन-चार. शेवटच्या तासात झाकण किंचित कलतं ठेवलं की दाटपणा येतो. मग लाकडी रवीने घोटावं. साल नको असेल तर पुरणयंत्रातून काढावं. त्याच्याइतकं चांगलं साधन अमेरिकेतल्या दुकानातही सापडणार नाही.

साखर कुठे आली? कुठेच नाही. आणि या लेखातला वाद मुख्यतः इथेच आहे.

मराठी गृहिणी फळ शिजायला ठेवते तेव्हा तिच्या मनात मुरांबा किंवा साखरांबा असतो. तिथे साखरेला काम असतं. पाक फळातलं पाणी बांधून ठेवतो, त्यामुळे बुरशी धरत नाही आणि कैरी वर्षभर टिकते. शीतकपाट नव्हतं तेव्हा साखर हेच शीतकपाट होतं. सॉस मात्र आठवड्याभरात संपवायचा किंवा फ्रीझरमध्ये ठेवायचा पदार्थ आहे. त्यात साखर घातली तर ती टिकवायचं काम करत नाही, फक्त गोडी वाढवते. बिनसाखरेच्या शंभर ग्रॅम सॉसमध्ये चाळीसेक उष्मांक असतात, बाजारच्या गोड सॉसमध्ये सत्तरच्या घरात. बाळासाठी तर प्रश्नच नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना वरून साखर देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चालत नाही, कारण त्यातून बॉट्युलिझमचा धोका असतो. ‘थोडासा मध चाटवला तर काय होतं’ हे वाक्य प्रेमाचं असलं तरी चुकीचं आहे.

मधुमेह असलेल्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बिनसाखरेचा असला तरी सॉस म्हणजे अख्खं फळ नव्हे. १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता: तीच सफरचंदं अख्खी, गर करून आणि रस काढून दिली, तर पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वाधिक, गराने त्याहून कमी आणि रसाने सगळ्यांत कमी आली. म्हणून दात शाबूत असलेल्या मधुमेही माणसाने सफरचंद चावूनच खावं. सॉसची वाटी त्याच्यासाठी, ज्याला चावता येत नाही. आणि ती साखरेच्या शिऱ्याऐवजी असावी, शिऱ्याबरोबर नव्हे.

आता दुकानातली बरणी. बिनसाखरेचा सॉस दुकानात तीन-चार डॉलरला मिळतो, मग खटाटोप कशाला, असं विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांनी २०२३ चं हिवाळ्याच्या तोंडावरचं प्रकरण आठवावं. नॉर्थ कॅरोलायनात काही लहान मुलांच्या रक्तात शिसं सापडलं आणि माग काढत तपास दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांपाशी पोचला. इक्वेडोरहून आलेली ‘वानाबाना’ आणि आणखी दोन नावांची पाकिटं परत मागवली गेली. शिसं फळात नव्हतं, दालचिनीच्या पुडीत होतं, आणि तिच्यात क्रोमियमही निघालं. अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या नोंदीत बाधित आणि संशयित मिळून पाचशेच्या वर मुलं आली. सगळ्या बरण्या वाईट असतात असा याचा अर्थ नाही. पण मूल रोज जे खातं त्यात काय पडलं आहे, हे आईबापांना माहीत असणं ही चैन नव्हे. घरी करतानाही हा धडा लागू आहेच: २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने किरकोळ दुकानांत विकल्या जाणाऱ्या काही दालचिनी पुडींबद्दलही इशारे दिले. तयार पूड टाळावी. चांगल्या ठिकाणाहून आणलेला अख्खा तुकडा कुकरमध्ये टाकून शेवटी काढून घ्यावा, किंवा सरळ वेलदोडा वापरावा. किडलं-बुरसटलं फळ ‘शिजल्यावर काय कळतंय’ म्हणून आत ढकलू नये. सडक्या सफरचंदात पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते उकळूनही पुरतं जात नाही.

मोठ्यांच्या ताटात हा सॉस कुठे बसतो? थालीपिठाबरोबर लोण्याच्या शेजारी. घावनाबरोबर. उपासाला राजगिऱ्याच्या पुरीशी, दालचिनी चालत नसेल तर नुसता. अंडं न खाणाऱ्या घरांत तर तो केकचा तारणहार आहे. एका अंड्याऐवजी पाव कप सॉस घातला की केक मऊ राहतो. मंडळाच्या संक्रांतीला किंवा वाढदिवसाला बिनअंड्याचा केक दुकानातून मागवणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं.

परदेशातून देवळालीला जाताना आईसाठी स्लो कुकर नेण्याचा मोह मात्र आवरावा. अमेरिकेतलं भांडं १२० व्होल्टचं, देवळालीची वीज २३० ची. उतरता ट्रान्सफॉर्मर मधे न घालता लावलं तर ते जळतं. इंग्लंडचं चालेल, पण जड चिनीमाती विमानात फुटते. त्यापेक्षा घरातलं जाड बुडाचं पातेलं जुन्या लोखंडी तव्यावर ठेवावं, आच अगदी बारीक करावी आणि झाकणावर पाणी घालावं. तासा-दीड तासात तीच चव मिळते. वीज गेली तरी पातेलं शिजत राहतं.

शिवाय आता फळही फक्त डोंगरातून यावं असं राहिलेलं नाही. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडून वाढवलेला एचआरएमएन-९९ हा वाण कमी थंडीतही फळतो. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनीही तो लावला आहे. त्याचं फळ ऐन उन्हाळ्याच्या अखेरीस, जूनच्या आसपास उतरतं. काश्मीरच्या फळाशी दिसण्यात त्याने स्पर्धा करावी असा आग्रह कशाला? जूनच्या उकाड्यात उतरणाऱ्या फळाला शिजवून टिकवण्याची सोय गावातच असेल, तर शेतकऱ्याला वेडंवाकडं फळ मातीमोल भावात काढावं लागणार नाही. द्राक्षांचे बेदाणे करणाऱ्या नाशिक जिल्ह्याला हे वेगळं शिकवायला नको.

ज्यांना बरण्या भरून ठेवायच्या आहेत त्यांच्यासाठी हिशेब सरळ आहे. सफरचंद मुळातच आंबट, म्हणून उकळत्या पाण्यात बुडवून बरणी सीलबंद करणं त्याला पुरतं. गरम सॉस गरम बरणीत, वर अर्धा इंच जागा सोडून भरावा. समुद्रसपाटीपासून हजार फुटांपर्यंत राहणाऱ्यांनी पाइंटची बरणी पंधरा मिनिटं आणि क्वार्टची वीस मिनिटं उकळावी, असं अमेरिकेच्या कृषी खात्याचं कोष्टक सांगतं. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे वेळ वाढवावा लागतो. देवळाली कॅम्प हजारच्या वर आणि तीन हजारांच्या आत, म्हणजे तिथे पाइंटला वीस मिनिटं आणि क्वार्टला पंचवीस.