डब्बा माझा, कुलूप त्यांचं

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. मागचे दोन-तीन लेख मोहफुलांवर आणि शाळेच्या जुन्या आठवणींवर झाले, पुण्या-नागपूरच्या भाचेमंडळींनी "काका, छान वाटलं" असं कळवलं. आज छान वाटण्यासारखं काही नाही. विषय आहे टीव्हीखाली ठेवलेला काळा डब्बा. एचडीवाला, रेकॉर्डिंगवाला. हसू नका. सत्तरी ओलांडलेला मास्तर टीव्हीच्या डब्ब्यावरून का तणतणतोय, हे शेवटपर्यंत वाचल्यावर ठरवा.

ज्यांच्या घरी हा प्रकार कधी आलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधा सेटटॉप बॉक्स फक्त दाखवतो. रेकॉर्डिंगवाला डब्बा दाखवतो आणि साठवतोही. त्याच्या पोटात संगणकात असते तशी हार्डडिस्क असते, नाहीतर मागे युएसबीचं तोंड असतं आणि डिस्क आपण लावायची. एचडी चित्र जागा फार खातं, तासाला साधारण तीन ते चार जीबी. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर सव्वाशे ते दीडशे तास बसतात. आत दोन ट्यूनर असतील तर एक चॅनल बघता बघता दुसरं साठवता येतं. आमच्याकडे संध्याकाळी आठला सौ.ची मालिका आणि माझ्या बातम्या यांची जी टक्कर व्हायची, ती या दोन ट्यूनरांनी मिटवली. चाळीस वर्षांच्या संसारात जे मला जमलं नाही ते एका डब्ब्याला जमलं, हे मोकळेपणी लिहितो.

आता चंद्रपुरात हे यंत्र चालवणं म्हणजे काय, तेही ऐका. शहराबाहेर ऊर्जानगरला २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, त्याचा धूर आम्ही खातो, आणि लाइन मात्र आमचीच जाते! रेकॉर्डिंग चालू असताना लाइन गेली की कार्यक्रमाचे दोन तुकडे होतात आणि मधला भाग गडप. म्हणून डब्बा इन्व्हर्टरवर घेतला. तरी चित्र जायचं. का? तर गल्लीतल्या खांबावर केबलवाल्याचा अॅम्प्लिफायर, त्याला वीज कोपऱ्यावरच्या घरातून. आपल्या घरी इन्व्हर्टर असून उपयोग नाही, त्या घरची लाइन गेली की सगळ्या गल्लीचं चित्र गेलं. शिवाय मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढला की डब्बा शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवून भागत नाही, हार्डडिस्क तापते. मी तो बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवला, चारी बाजूंनी वारा लागेल असा. आणि वेळापत्रकावर विश्वास ठेवू नये. पडद्यावर आठ लिहिलेलं असतं, कार्यक्रम आठ-सातला सुरू होऊन नऊ-बाराला संपतो. मी आधी पाच मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं जास्तीची लावतो. सगळ्याची नोंद जुन्या हजेरीपटाच्या उरलेल्या पानांवर. तारीख, चॅनल, किती वेळ, कोणासाठी. सून म्हणते, "बाबा, टीव्हीचाही हजेरीपट?" असो.

एवढी मेहनत कशासाठी, तर त्या नोंदींतली एक नोंद २०१७ ची आहे.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीत आणि पलीकडे भंडारा-गोंदियात, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. रात्रभर. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकांचं मोठं ठाणं. पहाटेपर्यंत चालणारी, गाण्यांनी भरलेली ही नाटकं हजारो माणसं थंडीत घोंगडी पांघरून बघतात. त्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे मुंबईच्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टी नकाशावर शोधली. माझे थोरले बंधू यातले हौशी. नाव झालेले नट वगैरे नव्हते. पेटी वाजवायचे आणि गरज पडली तर म्हाताऱ्या बापाची भूमिका करायचे. २०१७ च्या मंडईतलं त्यांचं नाटक कोणीतरी कॅमेऱ्यात घेतलं आणि आमच्या केबलवाल्याने आपल्या लोकल चॅनलवर एका रविवारी दाखवलं. एकदाच. मी ते धरलं: तीन तास चाळीस मिनिटं. डब्बा एचडी, पण चित्र लोकल चॅनलचं, त्यामुळे चेहरा धुरकट आणि आवाजात भोंग्याची खरखर. तरी ती पेटी त्यांचीच होती, ऐकताक्षणी कळावी अशी. २०२० मध्ये बंधू गेले. त्यानंतर वहिनी दर दिवाळीला आमच्याकडे येऊन ते नाटक बघायच्या. सगळं नाही. शेवटचा अंक.

२०२२ च्या उन्हाळ्यात डब्बा मेला. दिवा लागेना. मुलगा आला, चांगला मुलगा होता, तपासलं आणि म्हणाला, "सर, बोर्ड गेला. डब्बा बदलून देतो."

"आणि आतलं रेकॉर्डिंग?"

"ते नाई येत जी. जुना डब्बा जमा करा लागते. तुमाले नवा भेटते नं, अजून का पायजे?"

बोर्ड गेलाय, डिस्क धडधाकट आहे, ती काढून नव्यात लाव, असं मी म्हटलं. त्याने मान हलवली. लावली तरी चालणार नाही. वरच्या कार्यालयात फोन केला, अर्ज लिहिला, स्मरणपत्र लिहिलं. उत्तर एकच: नियमात बसत नाही. कोणत्या नियमात, ते कोणी सांगितलं नाही. नवा डब्बा आला, झकपक, पहिल्यापेक्षा पातळ. जुना गेला, आणि त्याच्या पोटातला आमचा माणूसही गेला.

आता भांडण. न चालण्याचं कारण तांत्रिक बिघाड नाही, कुलूप आहे. केबलमधून येणारं चित्र गुंतवून पाठवलेलं असतं, डब्ब्यातली किल्ली ते सोडवते. इथवर ठीक, पैसे न भरणाऱ्याने फुकट बघू नये. पण रेकॉर्ड करताना डब्बा ते चित्र पुन्हा गुंतवून डिस्कवर लिहितो, आणि या दुसऱ्या कुलपाची किल्ली फक्त त्याच एका डब्ब्यात असते. डिस्क संगणकाला लावा, संगणक विचारतो, "फॉरमॅट करू का?" शेजारच्याच्या, त्याच कंपनीच्या, त्याच दिवशी आणलेल्या डब्ब्याला लावा, उघडत नाही. काही डब्ब्यांत तर महिन्याचे पैसे भरायचे राहिले की जुनं रेकॉर्डिंगही बंद. म्हणजे मागच्या वर्षी पैसे भरून घेतलेलं, या महिन्याचे पैसे थकले म्हणून दिसत नाही. वाण्याने उधारी थकली म्हणून घरातल्या डब्यातली जुनी, रोखीने घेतलेली डाळ परत नेली तर आपण काय म्हणू?

माझा एक भाचा वकील आहे. तो म्हणाला, "मामा, कायद्यात काय आहे ते आधी बघा." बघितलं. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा, कलम ५२. खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला उचित व्यवहार हा भंग ठरत नाही, असं त्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आलं: भंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण तेच कलम पुढे म्हणतं की, कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप काढलं तर या कलमाची आडकाठी नाही. फक्त मदत करणाऱ्याने ज्याला मदत केली त्याचं नाव, पत्ता वगैरे लिहून ठेवायचं. (हजेरीपट तिथेही आहे!) म्हणजे भावाची पेटी ऐकण्यासाठी मी कुलूप काढू बघितलं तर मला चोर म्हणणं कायद्यालाही जड जाईल. पण कंपनीने मला किल्ली द्यावी, असं त्यात कुठेही नाही. हक्क आहे आणि दार बंद आहे. वर्गात सांगायचं तर, पोराला खेळायची सुट्टी दिली आणि मैदानाच्या फाटकाला टाळं लावलं.

आणि हा डब्बा आम्ही मागायला गेलो नव्हतो. पूर्वी केबलची वायर थेट टीव्हीत किंवा व्हीसीआरमध्ये जायची. १९८८ ते १९९० मध्ये रविवारी सकाळी 'महाभारत' लागायचं तेव्हा कोळसा खाणीत नोकरीला असलेले आमचे शेजारी भाग टेपवर धरायचे. त्यांची कॅसेट आमच्या साडूंच्या व्हीसीआरमध्ये चालायची, बल्लारपुरात चालायची, मूलला चालायची. कॅसेटने कधी विचारलं नाही की तू कोणाची. मग २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली, सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि तिसऱ्या टप्प्यात आमच्यासारख्या शहरांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरली. २०१९ मध्ये नवे दर आले, तेव्हा असे: शंभर चॅनलांना १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलांएवढं धरायचं, असं तेव्हा ठरलं. सरकारने डब्बा सक्तीचा केला, दर बांधून दिले. मग त्या डब्ब्यात साठवलेलं कोणाचं, एवढं एक वाक्य लिहायला काय हरकत होती?

अमेरिकेत या प्रश्नावर १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सिनेमावाल्या कंपन्यांनी सोनीवर खटला भरला होता की तुमच्या व्हिडिओ रेकॉर्डरने लोक चोर होतात. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, नंतर बघण्यासाठी घरात कार्यक्रम धरून ठेवणं उचित आहे. एका मताने सुटलं! तिथल्याच फिलाडेल्फिया शहरात मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या, पूर्वी ग्रंथपाल. १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी टीव्हीच्या बातम्या घरी धरल्या, सुमारे ७० हजार कॅसेटी. लोकांनी वेडी म्हटलं असेल. आज त्या टेपा इंटरनेट आर्काइव्हकडे जतन करायला आहेत. ब्रिटनच्या बीबीसीने तर 'डॉक्टर हू' या आपल्याच मालिकेचे कितीतरी जुने भाग पुसून टाकले. त्या हरवलेल्या भागांचा आवाज तेवढा शिल्लक आहे, कारण चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावला होता. ज्यांचा माल त्यांनी पुसला, बघणाऱ्यांनी जपला. स्टोक्सबाईंकडे माझा डब्बा असता तर काय उरलं असतं? ७० हजार कुलपं.

"काका, आता रेकॉर्ड कोण करतं, सगळं नेटवर असतं," हे नातू मंडळींचं पेटंट उत्तर. बाळांनो, काय असतं नेटवर? तुमचे क्रिकेटचे सामने असतील, हिंदी सिनेमे असतील. मराठीतल्या मोठ्या वाहिन्यांना एचडी मिळायला २०१६ उजाडलं, झाडीपट्टीचा नंबर कुठे लागतो बघा. आमच्या लोकल चॅनलवर एका रविवारी दाखवलेलं नाटक कोणत्या अॅपवर शोधू? आणि नेट म्हणता, ते भामरागडच्या माणसाला विचारा. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहायला लागली की तिथे माणूस पोचत नाही, तुमचं चार जीबीचं चित्र कुठून पोचणार? एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावांत मोबाईलला रेंज मिळवायला टेकडीवर चढणारी पोरं आहेत. उलट एकदा साठवलेलं, घरात असलेलं, लाइन असली की चालणारं, हीच तिथली सोय. शिवाय अॅपवाले आज दाखवतात ते उद्या काढून टाकतात, याचा अनुभव तुम्हालाही आहे, फक्त तुम्ही कुरकुर करून दुसरं लावता.

"कुलूप काढलं तर लोक विकतील" हाही मुद्दा मी ऐकून घेतला. विकणारे विकतातच, नवा सिनेमा आला की दुसऱ्या दिवशी पोरांच्या मोबाईलमध्ये असतो, तो काही माझ्या डब्ब्यातून गेलेला नसतो. कुलपाने अडतो तो घरचा माणूस. आणि मी तर पूर्ण मोकळं मागतही नाही. बिल माझ्या नावाचं, तर किल्ली माझ्या नावाला बांधा, डब्ब्याला नको. डब्बा बदलला की नव्या डब्ब्याने जुनी डिस्क ओळखावी. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने शिफारस केली होती की एकाचा सेटटॉप बॉक्स दुसऱ्याच्या सेवेवर चालावा, ग्राहकाला कंपनी बदलताना डब्बा बदलायला लागू नये. चांगली शिफारस. पण तिथेही डब्ब्याची काळजी आहे, डब्ब्यात काय साठलंय त्याची नाही. आणि जी गोष्ट केबलवाल्याच्या स्वतःच्या लोकल चॅनलवरची, गावच्या लोकांची, गावच्या मंडईतली, तिला मुळात कुलूप कशाला? तिथे ते काढायला मुंबई-दिल्लीच्या कोणाला विचारायचीही गरज नसावी.

या मागणीचं पत्र मी तयार केलं आहे. एक पान आहे, मराठीत. ट्रायला पाठवतो आहे आणि आमच्या खासदारांनाही. नवा डब्बा देताना ग्राहकाकडून सही घेतात त्या कागदावर, जुन्या डब्ब्यातलं रेकॉर्डिंग नव्यात उतरवून दिलं की नाही, याचा एक रकाना असावा, एवढं ठळक अक्षरात लिहिलंय. ज्यांना प्रत हवी त्यांनी कळवा, आपल्या गावचं नाव घालून सही करा.

वहिनींना गेल्या दिवाळीत सांगितलं की ते नाटक आता नाही. त्या म्हणाल्या, "बरं." मग थोड्या वेळाने विचारलं, "शेवटचा अंक पण नाही?"