चौकटीबाहेरचे सत्य

घटना एकच असते. ती कोणत्या चौकटीत बसवून दाखवावी, हे प्रसारमाध्यमे ठरवितात. चौकटीत काय आले यापेक्षा बाहेर काय राहिले, हेच पुष्कळदा अधिक बोलके असते. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७४ साली अनुभवाला अर्थ देणाऱ्या अशा चौकटींची सविस्तर मीमांसा केली.

२००५ साली दोन महानगरे पाण्याखाली गेली. २६ जुलै रोजी मुंबईत, सांताक्रूझ येथे, चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. २९ ऑगस्ट रोजी कतरिना चक्रीवादळात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले. तेथील दोन छायाचित्रे गाजली. पाण्यातून खाद्यपदार्थ नेणारा कृष्णवर्णीय तरुण एका वृत्तसंस्थेने ‘लूट करणारा’ ठरविला. तसेच करणाऱ्या गौरवर्णीय जोडप्याला मात्र, दुसऱ्या संस्थेच्या मते, ते ‘सापडले’ होते. हिंसाचाराच्या अनेक बातम्या पुढे अतिरंजित ठरल्या. शेजाऱ्याला वाचविणारा शेजारी चौकटीबाहेरच राहिला.

मुंबईची चौकट नेमकी उलट होती. ‘मुंबईचे स्पिरिट’ या दोन शब्दांत सारे बसविले गेले. अनोळखी प्रवाशांना घरात घेणारी कुटुंबे, रात्रभर चहा-बिस्किटे वाटणारे वस्तीतील तरुण, हे सारे खरे होते आणि अभिमानास्पदही होते. एमिल दुर्खीम यांनी १८९३ साली ज्या सामाजिक एकात्मतेची चिकित्सा केली, तिचेच ते दर्शन होते. मुंबईतच एप्रिल १९६५ मध्ये पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी, समाज हा करारातून जन्मत नाही, तो स्वयंभू असतो, असे प्रतिपादन केले होते. त्या रात्री त्याचा प्रत्यय आला.

परंतु कौतुकाच्या या चौकटीबाहेर काय राहिले? पर्जन्यजलवाहिन्यांच्या सुधारणेची, १९९३ पासून रखडलेली ‘ब्रिमस्टोवॅड’ योजना. अतिक्रमणांनी आवळलेले मिठी नदीचे पात्र. ताशी जेमतेम २५ मिलिमीटर पावसाचे पाणी वाहून नेऊ शकणारी जुनी यंत्रणा. समाजाच्या धैर्याचे गोडवे गाताना प्रशासनाला जाब विचारणारा आवाज क्षीण झाला. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतरही तेच ‘स्पिरिट’ पुन्हा आळविले गेले. शोकाकुल माणूस दुसऱ्या दिवशी कामावर गेला, तो पोटासाठी. त्याच्या अगतिकतेलाही पराक्रमाचे नाव मिळाले.

एकात्मता ही संकटाच्या एका रात्रीपुरती नसते. रात्री अनोळखी माणसाला हात देणाऱ्या समाजाने सकाळी नाल्यांचा आणि सुरक्षेचा हिशेबही एकजुटीने मागितला पाहिजे. इतरांनी आखलेल्या चौकटीत केवळ कौतुकापुरते उभे राहणे, हे जागृत समाजाचे लक्षण नव्हे.