आधी उतरायला शिका!

मित्रहो, "ड्रोन उडवायला काय लागतं? व्हिडिओ गेमच तर आहे!" हे वाक्य मेसमध्ये इतक्यांदा ऐकलंय की शेवटी पेन उचललंच. माझं मत सरळ आहे. हॉस्टेलवर ड्रोनबंदी नको, पण मोकाट सूटही नको.

फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. दीड किलोचा ड्रोन ३० मीटरवरून पडला, तर हवेचा विरोध सोडून, जमिनीवर येताना त्याचा वेग ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास असतो. खाली कुणाचं डोकं असेल तर? म्हणूनच गॅदरिंगच्या गर्दीवर ड्रोन फिरवायची हौस मला अजिबात मान्य नाही.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, आणि धंद्यासाठी नसेल तर २ किलोपर्यंतच्या मायक्रोलाही रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पण लक्षात घ्या, ही सूट परीक्षेतून आहे, शिकण्यातून नाही! उडवायच्या आधी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा रेड, यलो की ग्रीन, हे बघायलाच हवं.

आणि शिकायचं काय? आधी सिम्युलेटर. ड्रोनचं तोंड आपल्याकडे झालं की डावं-उजवं उलटं होतं. इथेच नवशिक्याचा हात चुकतो. मग मोकळं मैदान, वारा नसलेली सकाळ, डोक्याइतकी उंची. एका जागी स्थिर ठेवणं आणि ठरलेल्या खुणेवर उतरवणं, एवढंच आठवडाभर करा. उंच जाणं सोपं असतं हो, नीट खाली येणं अवघड.

रूममध्ये मोटर टेस्ट करताना प्रॉपेलर काढूनच ठेवा. लिपो बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपणं म्हणजे अख्ख्या मजल्याशी खेळ. सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, बॅलन्स चार्जर वापरा, फुगलेली बॅटरी पुन्हा लावू नका.

रेक्टर सरांना आणि स्टाफला एकच विनंती. रविवारी सकाळी तासभर मैदान द्या, चार्जिंगसाठी लॅबमध्ये एक टेबल आणि वाळूची बादली द्या, सोबत एक जाणकार सीनियर नेमा. बंदी घातली तर पोरं गच्चीवरून चोरून उडवतील. ते जास्त धोक्याचं आहे. पटतंय ना?